साडेसात टनांची लॉरी

पद्माकररावांनी नळ उघडला. नळ घशातल्या घशात खाकरला, पाणी काही आलं नाही. त्यांनी तो बंद केला, पुन्हा उघडला, मग बेसिनखालचं कपाट उघडून आत डोकं घातलं.

"टाकी रिकामी आहे," दाराबाहेरून कॅलम म्हणाला. गाडी त्याची होती. "पंप चालतो. अगदी खात्रीने चालतो."

"गुड, गुड," पद्माकरराव कपाटातूनच म्हणाले.

मग त्यांनी शेगडीची दोन्ही बटणं फिरवून पाहिली. ओटा कमरेला नीट येतो का ते समोर उभं राहून पाहिलं. पलंगावर बसून दोनदा उसळी घेतली. खिडकी पूर्वेला आहे का, असाही विचार त्यांच्या मनात आला, आणि चाकं लावलेल्या खोलीला पूर्व-पश्चिम नसते हे लक्षात येऊन ते ओशाळले. मेडनहेडमधलं घर घेताना त्यांनी जे जे पाहिलं होतं, तेच ते इथेही पाहत होते. दुसरं काय बघायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

गाडी घोड्याची होती. इंग्लंडात घोडा इकडून तिकडे न्यायचा तर अशी गाडी लागते. मागच्या भागात घोडा उभा राहतो आणि पुढे माणसांसाठी एवढीशी खोली असते, तिला सगळे 'लिव्हिंग' म्हणतात. रात्रीचा मुक्काम पडला की तिथेच चहा करायचा, तिथेच झोपायचं, पलीकडे फळीआड घोडा पाय आपटत असतो. पद्माकररावांना ही कल्पना मुळातच विचित्र वाटत होती. पण हौसेला मोल नसतं, आणि ही हौस लेकीची होती. मोल मात्र त्यांनीच ठरवून दिलं होतं. पंधरा हजार पौंड, वर एक पेनी नाही.

लेक मागच्या भागात होती. ऋजुताने जमिनीवरची जाड रबरी चटई गुंडाळून बाजूला केली होती आणि गुडघ्यांवर बसून खालच्या फळ्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत होती. कलिंगड घेताना ठोकतात तशी, कान देऊन.

"लिव्हिंग एक नंबर आहे गं," पद्माकरराव दारातून म्हणाले. "फ्रिजसुद्धा आहे."

"हो का?" तिने मान वर केली नाही. "फ्लोअर पण ठीक आहे."

"मग झालं तर."

ती पुढची फळी ठोकू लागली.

ऋजुता अठ्ठावीस वर्षांची होती. स्लावच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. लोकांचे गुडघे आणि खांदे ती आठवडाभर सरळ करायची आणि शनिवार-रविवार मेबलच्या पाठीवर काढायची. मेबल ही तिची घोडी. गावाबाहेरच्या एका फार्मवर तिची जागा भाड्याने घेतलेली होती. दोघी मिळून ड्रेसाजच्या स्पर्धांना जायच्या. त्यात घोडा ठरलेल्या पावलांनी, ठरलेल्या वळणांनी चालवायचा असतो, आणि पद्माकररावांच्या मते काहीही घडत नाही. तरी बारा वर्षं हे भाड्याच्या गाडीने चाललं होतं आणि तिच्याबरोबर तिची आई, अर्चना, जात असे. अर्चना गेली त्याला आता दीड वर्ष झालं. तेव्हापासून ऋजुता एकाही स्पर्धेला गेली नव्हती. फार्मवर जायची, मेबलला खायला घालायची, खरारा करायची, आणि अंधार पडायच्या आत घरी. मग वडिलांशेजारी सोफ्यावर बसून बातम्या.

आपल्यापायी पोरीने स्वतःला घरात कोंडून घेतलंय, याबद्दल पद्माकररावांच्या मनात शंका नव्हती. त्यांनी ते ईलिंगच्या आपल्या मित्राला, ज्ञानेश्वरला, फोनवर सांगितलंही होतं. "अरे, पोरगी माझी राखण करत बसलीय. मी काय आंब्याचं झाड आहे?" ज्ञानेश्वर हसला होता. पद्माकररावांना हसू येत नव्हतं. रोज संध्याकाळी तिची कार दारात थांबली की त्यांना बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच वाईट वाटायचं. शेवटी त्यांनीच एक दिवस जेवता जेवता विषय काढला. मेबलसाठी तुझी स्वतःची गाडी घेऊ, राहायची सोय असलेली. लांबच्या स्पर्धांना जा, दोन दोन दिवस राहा, चार लोकांत मिसळ. ऋजुताने घास हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं होतं आणि "खरंच?" म्हणाली होती. तिचा चेहरा इतका उजळला की पद्माकररावांना वाटलं, जमलं. आता एवढी गाडी मिळाली की पोरगी सुटली.

पण गाडी मिळत नव्हती. म्हणजे मिळत होती, आणि तिला पसंत पडत नव्हती. रेडिंगच्या गाडीच्या पायऱ्या अरुंद होत्या. गिल्डफर्डच्या गाडीत ओलसर वास होता. बेसिंगस्टोकची तर सगळ्या बाजूंनी चांगली होती, तेव्हा तिने रंगाला नावं ठेवली.

"पेलोड किती येतो?" ऋजुताने आता उभं राहत कॅलमला विचारलं.

कॅलमने डोकं खाजवलं. गाडी वजनकाट्यावर घातली होती खरी, म्हणाला, आणि आकडा सांगितला. ऋजुता फोनवर बोटं चालवू लागली. पद्माकररावांनी विचारलं तेव्हा तिने न थांबता समजावलं. तिच्या लायसन्सवर तिला साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. ती सगळी मिळून साडेतीन टन. गाडीचं स्वतःचं वजन, फ्रिज, शेगडी, पलंग, हे सगळं त्यातच आलं. उरेल तेवढ्यात घोडी, माणसं, गवत, खोगीर. त्याच्यावर गेलं आणि रस्त्यात कुणी अडवलं तर दंड, आणि ब्रेक लागले नाहीत तर दंड परवडला म्हणायचा.

"मग?" पद्माकरराव म्हणाले.

"नाही बसत. जास्त होतंय."

"किती जास्त?"

"साधारण सत्तर किलो."

पद्माकररावांना महिन्याभरात पहिल्यांदाच बरं वाटलं. अरुंद पायऱ्या आणि रंग यांच्यापुढे त्यांचं डोकं चालत नव्हतं. पण आयुष्यभर त्यांनी पंपांची डिझाइनं केली होती. सत्तर किलो हा प्रश्न त्यांच्या घरचा होता.

"पाणी तिथे जाऊन भरायचं."

"ते धरलंच नाहीये मी."

"फ्रिज काढून टाकू."

"तो छोटा आहे, बाबा. पंधरा किलो असेल."

"माणसं किती धरलीस?"

"दोन. मी आणि तुम्ही."

"हात्तिच्या!" पद्माकररावांनी टाळी वाजवली. "मला कशाला धरतेस? इथेच घोडं पेंड खातंय! मी ब्याऐंशी किलो. मला उतरव, वर बारा किलो शिल्लक राहतील. गवत घे जास्तीचं." मग ते कॅलमकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड. द प्रॉब्लेम वॉज मी."

कॅलम मोठ्याने हसला. पद्माकररावही हसले. ऋजुताने फोन खिशात टाकला, खाली बसून रबरी चटई हळूहळू पुन्हा अंथरली, कोपरे पायाने नीट दाबले.

"चला, बाबा," ती म्हणाली. "नको ही."

"अगं, पण बसतंय की आता!"

"नको म्हटलं ना."

ती कॅलमचे आभार मानून निघूनसुद्धा गेली. कॅलमने पद्माकररावांकडे पाहिलं, पद्माकररावांनी कॅलमकडे. दोघांनाही काही कळलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी एकमेकांशी अगदी मनापासून हस्तांदोलन केलं.

घरची कार ऋजुता चालवत होती. न्यूबरी मागे पडलं. मार्च महिना होता, शेतं चिखलाने भरलेली आणि झाडं अजून उघडीच. पद्माकरराव खिडकीबाहेर बघत बसले होते. पोरगी रागावली होती एवढं कळत होतं. कशावर, ते कळत नव्हतं. फ्रिज काढायला सांगितलं ते तर तिने मनावरही घेतलं नव्हतं.

त्यांना एकाएकी नागपूरचं घर आठवलं. शैलाताईसाठी, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी, स्थळं बघायचे ते दिवस. मुलाकडची मंडळी यायची, पोहे खायची, मुलीच्या गाण्याचं कौतुक करायची, आणि आठ दिवसांनी निरोप यायचा, पत्रिका जुळत नाही. वडील बिचारे खरंच पत्रिका उघडून बसायचे, ज्योतिषाकडे जायचे. आई मात्र भाजी निवडता निवडता म्हणायची, "अहो, पत्रिका काय, जुळवली की जुळते. त्यांच्या मनात नाहीये, दुसरं काय." सगळ्या नागपूरला ठाऊक असलेली गोष्ट फक्त वडिलांना ठाऊक नव्हती.

पायऱ्या अरुंद. वास येतो. रंग नको. पेलोड बसत नाही.

पद्माकरराव सरळ होऊन बसले. पोरीला गाडी नकोच होती तर! ती म्हाताऱ्याचं मन राखायला दर शनिवारी फिरत होती आणि दर शनिवारी पत्रिका न जुळल्याचं सांगत होती. आणि ती नको का होती, तर बापाला घरात एकटं टाकून जायला नको म्हणून. आपणही आपल्या वडिलांसारखेच आहोत, आकडे जुळवत बसलो, हे त्यांना फार लागलं.

पुढे एका पेट्रोल पंपावर ती थांबली. दोन कॉफ्या घेऊन आली, त्यातली एक त्यांच्या हातात दिली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली.

"ऋजू," पद्माकरराव म्हणाले, "तुला गाडी घ्यायचीच नाहीये का?"

"घ्यायचीये."

"मग अडलंय कुठे?"

"कुठे नाही अडलं."

"हे बघ, नको असेल तर सरळ सांग. मला वाईट नाही वाटणार."

"बाबा, मला हवीये. ऑनेस्टली." तिने कॉफीचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. "अजून एक बघू या. मार्लबरोच्या पुढे. ती बघू आणि घरी जाऊ."

"तिचा पेलोड विचारलास?"

"तिला पेलोडचा प्रॉब्लेम नाहीये."

मार्लबरोच्या पुढे रस्ता इतका अरुंद झाला की समोरून ट्रॅक्टर आल्यावर ऋजुताला गाडी बरीच मागे घ्यावी लागली. फार्मच्या फाटकाशी एक बाई उभी होती. साठी उलटलेली, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात चहाचा मग. तिने आपलं नाव गिलियन असं सांगितलं, आणि मगानेच गोठ्याच्या पलीकडे इशारा केला.

पद्माकररावांना आधी वाटलं, ते एखादं शेड आहे. मग त्याला चाकं दिसली. हिरवी, उंच, चौकोनी, छपराच्या कडेला शेवाळ धरलेली लॉरी होती ती. त्यांच्या मेडनहेडच्या गल्लीत ही वळलीच नसती.

"हे काय?" ते पुटपुटले.

पण ऋजुता पुढे गेली होती. तिने मागचा रॅम्प खाली घेतला, वर केला, पुन्हा खाली घेतला. चटई उचलून फळ्या ठोकल्या, चाकांखाली वाकून पाहिलं, आणि मग बाजूच्या दाराने आत शिरली. पद्माकरराव धापा टाकत तिच्यामागोमाग चढले. आत एक टेबल होतं, दोन्ही बाजूंना बाकं. ओव्हन असलेली खरीखुरी शेगडी. पडद्यांवर तपकिरी फुलं, तीसेक वर्षांपूर्वी कुणाला तरी आवडली असतील अशी. ड्रायव्हरच्या डोक्यावर येणाऱ्या माळ्यावर एक रुंद पलंग होता आणि ऋजुता बूट काढून त्यावर जाऊन आडवीही पडली होती.

"हा लॉरी मला आवडला," ती छताकडे बघत म्हणाली.

मराठीतलं स्त्रीलिंग-पुल्लिंग तिला कधीच पुरतं जमलं नाही. अर्चना प्रत्येक वेळी सुधारायची. पद्माकररावांनी तो नाद केव्हाच सोडला होता.

"पायऱ्या अरुंद आहेत," त्यांनी आठवण करून दिली.

"चालेल."

"वास येतोय."

"गवताचा आहे. जाईल."

"आणि रंग?"

"बाबा, रंगाचं काय एवढं?"

पद्माकरराव बाकावर टेकले. त्यांचं डोकं गरगरायला लागलं होतं. दारात गिलियन येऊन उभी राहिली. ही गाडी कॅलमच्या गाडीपेक्षा बरीच स्वस्त होती, म्हणून त्यांनी तिला सरळच विचारलं, हिच्यात खोट काय आहे?

"खोट काही नाही," गिलियन म्हणाली. "गिऱ्हाईक नाही. साडेसात टनांची आहे ना. या तरुण मुलींना चालवता येत नाही. सत्त्याण्णव सालानंतर ज्यांनी ड्रायव्हिंग टेस्ट दिली, त्यांना हिच्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. त्याच्या आधीचे आपण, आपल्याला आपोआप चालते. आता आधीचे म्हणजे सगळे माझ्या नवऱ्यासारखे, कंबर धरून बसलेले." तिने पद्माकररावांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "तुमचं चालेल की."

पद्माकररावांनी पाकीट काढलं. लायसन्सच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांचा एक तक्ता होता, जो त्यांनी आजवर कधी वाचला नव्हता. गिलियनने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्यातल्या एका ओळीवर नख ठेवलं. तिथे लॉरीचं एवढंसं चित्र होतं. एक्क्याण्णव साली, नवीनच आलेले असताना, तिसऱ्या खेपेला ते कसेबसे ती टेस्ट पास झाले होते. त्या टेस्टमध्ये सरकारने त्यांना लॉरी देऊन टाकली होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

"मी किल्ली घेऊन येते," गिलियन म्हणाली. "शेताच्या वाटेवर फिरवून बघा हवं तर." ती घराकडे गेली.

पद्माकररावांनी वर पाहिलं. ऋजुता उठून बसली होती, पाय खाली सोडून, छताला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून.

"तुला हे माहीत होतं?"

"हो."

"तुला ही चालवता येणार नाही."

"माहितीये."

"मग चालवायची कुणी?"

पलंगाशेजारचं छोटं कपाट तिने उघडलं, आत काही नव्हतं, ते बंद केलं.

तेव्हा पद्माकररावांना सगळं कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. रेडिंग, गिल्डफर्ड, बेसिंगस्टोक, आजचा कॅलम. त्या सगळ्या गाड्या तिला एकटीला चालवता येण्यासारख्या होत्या, आणि तेवढाच त्यांचा दोष होता. तिला अशी गाडी हवी होती, जी बापाशिवाय जागची हलणार नाही. घरी एकटा ठेवायला नको, म्हणून गाठोड्यासारखा बरोबर न्यायचा. सुटका करायला निघालेल्या माणसाला तिने चाकांवरच्या खोलीत आणून बसवलं होतं. त्यांना राग आला. खूप दिवसांनी आला, म्हणून आवरताही आला नाही.

"मला सांभाळायची गरज नाही, ऋजुता. मी स्वयंपाक करतो, बरा करतो. फिरायला जातो. गोळ्या वेळेवर घेतो. मंडळात जातो, ज्ञानेश्वर आहे, लोक आहेत. मी काही लहान मूल नाही. तू माझ्यासाठी तुझी हौस अशी—"

"तुमच्यासाठी?"

तिने ते अशा आवाजात म्हटलं की ते थांबले.

"बाबा, तुमच्यासाठी नाहीये हे."

"मग कुणासाठी?"

"मला..." ती अडली. महत्त्वाचं काही बोलायचं झालं की तिचं मराठी असं आटून जायचं. "मी गेले होते. ऑक्टोबरमध्ये. तुम्हाला सांगितलं नाही. एक दिवस हायरची गाडी घेतली, मेबलला घेतलं आणि गेले. ऑक्सफर्डच्या पुढे. एंट्री पण भरली होती."

"मग?"

"मग काही नाही. तिथे पोचले. पार्क केलं. रॅम्प खाली केला. मेबल बाहेर बघत होती, तिला यायचं होतं. आणि आय जस्ट कुडंट. मी रॅम्प परत वर केला. थोडा वेळ पुढे बसले आणि घरी आले."

पद्माकररावांना तो दिवस आठवेना. ती रोजच्यासारखीच आली असणार, शेजारी बसून बातम्या पाहिल्या असणार. दीड वर्ष ती त्यांच्यापायी कुठे जात नाही, असं ते धरून चालले होते. त्यांच्याशी त्याचा संबंधच नव्हता. याचं त्यांना नक्की काय वाटलं, ते त्यांनाही कळेना. थोडा अपमान झाल्यासारखं वाटलं आणि त्याहून कितीतरी जास्त काळजात कळ आली.

"पण का?" ते म्हणाले. "काय झालं?"

"कुणी नव्हतं."

"अगं, तिथे तर जत्रा असते ना माणसांची?"

"आई नव्हती."

बाहेर कुठेतरी घोडा फुरफुरला. पद्माकररावांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. बारा वर्षं दोघी शनिवारी सकाळी निघून जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. ते दारात उभे राहून सांगायचे, बूट बाहेर काढा, घरभर गवत होतं. याहून जास्त त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. अर्चना घोड्याला भ्यायची एवढं त्यांना माहीत होतं. मेबलताई म्हणायची तिला, लांबून.

"आई काय करायची गं तिथे?"

"काही नाही."

"काहीतरी करत असेलच ना. सामान बघायची? वेळ सांगायची?"

"नाही हो. बसायची." ऋजुताने नाकावरून मनगट फिरवलं. "खुर्ची टाकून बसायची. फोनवर मावशीशी बोलायची. मी चांगलं केलं की वाईट, तिला कधी कळायचं नाही. मी लास्ट आले तरी म्हणायची, छान दिसत होतीस. आणि मग विचारायची, संपलं का गं? निघायचं का?"

"एवढंच?"

"एवढंच."

पद्माकरराव विचार करत राहिले. तिला एखादी गोष्ट शिकायची असती तर ते शिकवू शकले असते. काही मोडलं असतं तर दुरुस्त केलं असतं. सत्तर किलो कमी करायचे असते तर तेही केलं होतं, टाळी वाजवून, स्वतःलाच उतरवून. त्या वेळी पोरगी खाली बसून चटईचे कोपरे दाबत होती, ते आता त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना आपल्या टाळीची लाज वाटली.

"मला घोड्यातलं काही कळत नाही," ते म्हणाले.

"तिला पण नव्हतं कळत."

"मला तुझ्या आईसारखं दिवसभर गप्पा मारता येत नाहीत."

"नका मारू."

"पेपर वाचला तर चालेल?"

"चालेल."

"आणि मी छान दिसत होतीस वगैरे म्हणणार नाही. चुकलं तर चुकलं म्हणेन."

"तुम्हाला कळणारच नाही चुकलं ते."

हे खरं होतं. पद्माकररावांना हसू आलं, आणि ते लपवायला त्यांनी तपकिरी फुलांचा पडदा बाजूला सारून बाहेर पाहिलं. गिलियन घरातून निघून चिखलातून सावकाश येत होती.

"एक अट आहे," ते पाठमोरेच म्हणाले. "ती लॉरीची परीक्षा तू द्यायची. मी काही जन्मभर पुरणार नाही."

"देईन."

"कधी?"

"नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"बाबा. नंतर."

त्यांनी पुढे विचारलं नाही. ऋजुता माळ्यावरून खाली उतरली आणि बूट चढवायला त्यांच्या समोरच्या बाकावर बसली. दोघांच्या मध्ये टेबल होतं, त्यावर कपांचे जुने गोल डाग होते. तिचे डोळे लाल झाले होते. अर्चना असती तर पटकन काहीतरी बोलली असती. पद्माकररावांना काही सुचलं नाही, म्हणून ते नुसते बसून राहिले. तिने सावकाश एक बूट घातला, मग दुसरा. त्यांनी नुसतं बसून राहण्याला तिची काही हरकत दिसत नव्हती.

गिलियनने दारातून आत डोकं घातलं. तिने एकदा ऋजुताकडे, एकदा पद्माकररावांकडे पाहिलं.

"मग?" तिने विचारलं. "कोण चालवून बघतंय?"

पद्माकरराव टेबलाचा आधार घेऊन उठले आणि त्यांनी हात पुढे केला.

"द्या," ते म्हणाले, मराठीतच, आणि तिने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.